सेटिंगवाले अंकल

अंकल घरी आले की पहिली दहा मिनिटं कॉम्प्युटरला हातच लावायचे नाहीत. मला मशीन चालू करायला सांगायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि खुर्चीत रेलून पडद्याकडे नुसते बघत बसायचे. मी मूळची घाईची. "अंकल, करा ना काहीतरी, माझं काम खोळंबलंय!" म्हणून मी कटकट करायचे. ते मान न वळवता म्हणायचे, "थांब गो बाय. सकाळी उठल्याबरोबर त्याच्या मागं कोण कोण लागतंय, ता बघू दे."

आमची भेट झाली केबिन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. मी नवघरला राहते आणि घरून डीटीपी करते, म्हणजे शाळांचे पेपर, लग्नपत्रिका, असलं सगळं. माझा कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की एक पान उघडेपर्यंत माझी भाजी चिरून व्हायची. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये डब्बा फेंको, नया लो." नवा घ्यायची ऐपत असती तर त्याच्याकडे गेलेच नसते! बाजूला एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ माउस विकत घेत उभे होते. ते म्हणाले, "टाकायचा कशाला? डोकं जड झालंय त्याचं. उतरवू." उत्तनकडच्या डोंगरीहून बस पकडून दुसऱ्या दिवशी ते खरंच दारात हजर! त्यांची सगळी नोकरी कारखान्यातली यंत्रं सांभाळण्यात झाली होती. निवृत्तीनंतर जुने कॉम्प्युटर हलके करून देणं हा त्यांचा छंद होता. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सेटिंगवाले अंकलच म्हणायचे.

त्यांना दिखाऊपणाचा भारी राग. पडद्यावरच्या खिडक्या सरकत उघडणं, अक्षरांखालच्या सावल्या, बटणांची चकाकी, एकेक करून सगळं बंद. "नाचत उघडली न्हाय तर तुझं काय अडतंय?" मग यायची चालू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी. त्यातला एक बंद करायचा, मशीन पुन्हा सुरू करायची, घड्याळात बघायचं, मग दुसरा. मी म्हणायचे, सगळे एकदम बंद करा की. त्यावर कपाळाला हात लावायचे. "मंग कोणामुळं फरक पडला ता तुला कळंल कसा?"

आणि प्रत्येक बदलाची चिठ्ठी. आधी काय होतं, आता काय केलं, हे बॉलपेनने बारीक अक्षरात लिहून ती सीपीयूच्या डब्यावर टेपने चिकटवायची. "काढलेला परत जागेवर ठेवता आला पायजे. न्हायतर ती दुरुस्ती न्हाय, मोडतोड हाय." माझ्या डब्यावर अशा चिठ्ठ्यांचा थरच झाला होता. मी त्यांना चिडवायचे, "अंकल, आता डब्यालाच रंग द्यायला नको." ते खूश व्हायचे.

एका प्रोग्रामला मात्र ते हात लावायचे नाहीत. मोबाइलवरचे मेसेज पडद्यावर दाखवणारा, मेसेजचा. तो सुरुवातीलाच उठून बसायचा आणि बराच वेळ खायचा. "तो माणसांचा हाय. ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. रोज सकाळी त्यांचा मला मेसेज यायचा, "उठला काय?" चौकशी कॉम्प्युटरची असायची हं, माझी नाही! पडद्याच्या कोपऱ्यात तो झळकला की मी लगेच उत्तर द्यायचे. "चहा गाळायच्या आत तुझा जबाब येतो," असं ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. फोन कधी करायचे नाहीत. कामातल्या माणसाला उठवू नये म्हणे.

मग सहामाहीचे पेपर आले. चार शाळांचे एकदम. माझा जीव टांगणीला लागला होता आणि मशीन पुन्हा रेंगाळायला लागली. अंकल आले, त्यांनी यादी तपासली. बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "मेसेजचा राहिलाय. तो करा." त्यांनी यादी पुन्हा वरून खाली बघितली. मी चिडले, "अंकल, इथे माझं काम जाईल हातचं!" त्यांनी तो बंद केला, चिठ्ठी लिहिली, चिकटवली. निघताना म्हणाले, "तुझे पेपर होईस्तो माझा 'उठला काय' पण बंद."

मशीन सुसाट चालली. पेपर वेळेत गेले. शनिवारी मी मुद्दाम फोन करून त्यांना सांगितलं. केवढा आनंद झाला त्यांना! "मंग आता चिठ्ठी बघ हां बाय," म्हणाले. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. बघितली नाही. इतकं छान चाललं होतं, कशाला परत संथ करा?

सोमवारी मी सकाळपासून एका पत्रिकेत बुडाले होते. मोबाइल नेहमीसारखा आतल्या खोलीत, मुका. चार वाजता पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं. अंकलचा मेसेज सकाळी अकराचा होता. "बाय, छातीत बरा वाटत न्हाय. येतेस काय?"

रिक्षा करून डोंगरीला पोहोचले तर अंगणात माणसं उभी. शेजारच्या ग्रेसीबाईंनी माझा हात धरला. "मी बोलली, आत्ता हॉस्पिटलात जाऊ. ऐकले न्हाय. बोलले, बाय आता जबाब देल, ती आली का जाऊ. तास-दीड तास मोबाइल हातात धरून बसले." मग त्या न विचारताच त्यांना घेऊन निघाल्या होत्या. अंकल वाटेतच गेले.

सगळे म्हणतात, तुझी काय चूक? लवकर नेलं असतं तरी वाचले असते का, कोण सांगणार? मला हे ऐकवत नाही. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मला माहीत आहे, आणि ते मी कुणाच्याही समजुतीनं विसरणार नाही.

परत येऊन मी आधी तो प्रोग्राम चालू केला. आता मशीन उघडायला वेळ लागतो. मी खुर्चीत बसून बघत राहते, घाई करत नाही. डब्यावर सगळ्यात वर त्यांची शेवटची चिठ्ठी आहे, तेच बारीक अक्षर. "मेसेजचा प्रोग्राम. आधी चालू, आता बंद. पेपर झाले की त्याच दिवशी चालू करायचा."