सुकलाल मिस्त्रींची निरोगी छाती

सुकलाल मिस्त्री गूळ पटाशीने फोडायचे. भेस्तानच्या त्या फर्निचरच्या कारखान्यात संध्याकाळी आरा मशीन बंद झालं की गुजराती शेठच्या ऑफिसातून गुळाचा एक मोठा खडा यायचा. मिस्त्री तो फळीवर ठेवत, रुंद पटाशी लावत आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्याचे अकरा तुकडे पाडत. सुतार अकरा, तुकडे अकरा, कुणाचा लहान नाही की मोठा नाही. दिवसभर नाकातोंडात गेलेली धूळ गुळाने उतरते अशी सगळ्यांची समजूत होती. शेठची तर फारच होती, कारण गूळ पंख्यापेक्षा स्वस्त पडतो.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी स्वतःचा तुकडा माझ्यापुढे केला. मी बावीस वर्षांची, कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका गटाची पत्रकं लिहायची, आणि बोलायचीही पत्रकासारखीच. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात जाते, दोघांचा रस्ता वेगळा, असं मी तिथल्या तिथे सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्म्यावरची पूड फुंकली आणि म्हणाले, "खाय ना माय. भाषण करीसन घसा सुकस."

ते शिरपूरकडचे. माझे वडीलही तिकडचेच, नवागाममध्ये लूम चालवायचे, त्यामुळे मिस्त्रींच्या लेखी मी घरचीच पोर. अंगाने काटकुळे, हात मात्र पैलवानाचे. भुवया बारा महिने पांढऱ्या. सुट्टीच्या दिवशी अंघोळ झाली की कळायचं, त्या अजून काळ्याच आहेत. दाराची चौकट ते डोळ्याने जोखायचे आणि मग टेप लावायचे, तोही आमच्यासारख्यांची खात्री पटावी म्हणून. पगार, रजा, कसलीही तक्रार निघाली की त्यांचं एकच वाक्य असायचं, "लाकूड बोलस का? मंग आपण कशाले बोलाणं?" लोक हसायचे आणि कामाला लागायचे. मलाही तेव्हा ते वाक्य गोड वाटायचं. आता त्याची चीड येते.

पूर्वी तिथे सागवान यायचं. त्याचा भुसा जड, पायाशी पडायचा. मग प्लायवूड आलं आणि पॉलिश पेपरने घासलं की पिठासारखी धूळ हवेत तरंगत राहू लागली. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण धूळ शेजारच्या जरीच्या कारखान्यात जाते. जरी खराब होता कामा नये, माणूस झाला तरी चालेल. अकरांपैकी पाच जण सतत खोकायचे. त्यात मिस्त्री स्वतः होते, आणि सगळ्यांत वाईट हाल त्यांच्या मेहुण्याचे, बारकूचे. त्याला एक जिना चढायला दोन थांबे लागायचे.

आमची मागणी एकच होती, धूळ बाहेर ओढून टाकणारा मोठा पंखा. शेठ म्हणाले, सिद्ध करा. तुमचा डॉक्टर आणा, तो जे लिहील ते मी मानेन, पण तुम्हीही मानायचं. मी आनंदाने कबूल झाले. मला वाटलं, शेठ फसले.

रविवारी नवागामच्या एका शाळेत तपासणी ठेवली. मुंबईहून डॉक्टर आले, सोबत नळीत फुंकून छातीचा जोर मोजायचं मशीन. डॉक्टरांना कुणाचे चेहरे माहीत नव्हते. नावं पुकारून एकेकाला आत सोडायचं काम मीच मिस्त्रींना दिलं, कारण त्यांचं सगळे ऐकत. मी शेजारच्या वर्गात बायकांना जमवून धुळीवर बोलत बसले. दुपारी डॉक्टर नळी पुसत मला म्हणाले की इतक्या दणकट छातीचे सुतार त्यांनी कुठे पाहिले नाहीत. मला ती थट्टा वाटली.

अहवाल आला. नावानिशी अकरा ओळी, अकराही जण ठीक. शेठनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बेन, डॉक्टर तो तमारा ज हता ने?" पंख्याचा विषय संपला. पुढच्या आठवड्यापासून गूळही बंद झाला. निरोगी माणसांना गूळ कशाला?

तीन महिन्यांनी मी गोडादऱ्याला बारकूच्या खोलीवर गेले. तो पुढ्यात उशी घेऊन तिच्यावर वाकून बसला होता, कारण आडवं झालं की श्वास लागत नव्हता. तुझी छाती कागदावर धडधाकट आहे, हे काय आहे मग, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. उत्तर त्याच्या बायकोने दिलं. सुमन, मिस्त्रींची धाकटी बहीण. म्हणाली, हे त्या दिवशी घरीच होते. दादा सोडून बाकीचे खोकणारेही घरीच होते. दादाने कापड मार्केटमधून पाच हमाल आणले होते, गाठोडी वाहणारे. त्यांना भजी खाऊ घातली, एकेकाला एकेक नाव पाठ करून दिलं आणि आत सोडलं. सुकलाल या नावानेही एक हमालच फुंकून आला होता.

मी तशीच नवागामला मिस्त्रींच्या घरी गेले. त्यांनी नाकारलं नाही. बसायला पाट दिला आणि शांतपणे म्हणाले, "प्लेगना साले बारकू नुसता खोकलना, तर घरमालकनी सामान रस्तावर फेकं. तू तर कागदवर लिखी देणार व्हती."

मी म्हटलं, आम्ही नावं कुणाला सांगितली नसती. त्यांनी विचारलं, मग शेठला काय दाखवणार होतीस? अहवालात तर नावंच होती. शेठनी सोमवारी त्या पाचांना घरी बसवलं असतं, हे त्यांना कळत होतं आणि पत्रकं लिहिणाऱ्या मला कळलं नव्हतं. हे मी मान्य करते. पण बारकू हातचा चालला होता, आणि तेही त्यांना दिसत होतं. मी तसं तोंडावर बोलले. तेव्हा ते म्हणाले, "सोमवारे मी सोता बोलसू. शेठसमोर."

सोमवारी मी आणि सुमन ऑफिसात त्यांच्याआधीच जाऊन उभ्या राहिलो. मिस्त्री आले, टोपी हातात. मी हमालांची सगळी गोष्ट सांगितली आणि बारकूच्या औषधपाण्याचा खर्च मागितला. शेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मिस्त्री, तमे बोलो. छातीमां शुं तकलीफ छे?"

ऑफिसच्या काचेच्या भिंतीपलीकडे कारागिरांचे हात थांबले होते. मिस्त्रींनी टेबलावर वाकून आपलं नाव असलेली ओळ पाहिली, मग बाहेरच्या माणसांकडे पाहिलं. सुमनकडे पाहिलं नाही.

"काई नही, शेठ. पोर लहान शे. तिना गैरसमज व्हयना."

मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, एवढा खोकला त्यांनी गिळून धरला होता. दाराबाहेर पडून, फळ्यांच्या थप्पीआड गेल्यावर मग तो फुटला. सुमन त्यांच्या शेजारून निघून गेली. थांबली नाही.

भीती मला समजते. त्यांनी मला शेठसमोर पोर ठरवलं, तेही मी कधीतरी गिळलं असतं. पण बहीण हातभर अंतरावर उभी होती आणि तिच्या नवऱ्याचा श्वास त्या एका वाक्यावर टांगलेला होता. बारकूला गावी नेलं. दिवाळीच्या आत तो गेल्याचा निरोप आला. त्यानंतर मी मिस्त्रींशी बोलले नाही. ते माझ्या वडिलांपाशी विचारायचे, पोर कशी आहे. वडील घरी येऊन सांगायचे. मी उठून आत जायची.

दीड वर्षाने मिस्त्री गेले. शेवटचे महिने तेही उशीवर वाकूनच बसत, असं वडिलांकडून कळलं होतं. तिसऱ्या दिवशी कारखान्यातले तिघं आमच्या घरी आले, श्रद्धांजलीचं पत्रक लिहून घ्यायला. कच्चा मजकूर सोबत होता. त्यात लिहिलं होतं, "अल्पशा आजाराने दुःखद निधन." मी ते दोन शब्द खोडले आणि विचारलं, किती वर्षं खोकत होते ते? त्याला अल्पसा म्हणायचं?

तिघांतले वयाने मोठे देविदासभाऊ चुळबुळत म्हणाले, "ताई, मिस्त्रीच सांगून गेले. पत्रक तुमच्याकडूनच लिहून घ्यायचं, तुमचं मराठी चांगलं. पण आजाराचं नाव घालू द्यायचं नाही. आम्हाला तिथंच काम करायचंय ना."

तिघंही उभेच होते. मी खोडलेले शब्द पुन्हा लिहिले आणि कागद त्यांच्या हातात दिला. जिवंतपणी त्या माणसाने स्वतःसकट अकरा जणांना गप्प ठेवलं. मेल्यावर मला बारावी केलं, तेही माझ्याच अक्षरात.