साळखात्यातला आनंदा

समाजकार्याच्या पदवीसाठी नलू कोठारेला प्रबंध लिहायचा होता. विषय तिने स्वतः निवडला: मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं पुढे मोठी माणसं म्हणून जगतात कशी. साल अठ्ठावन्न. जिकडेतिकडे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, आणि ही ठाकुरद्वारच्या प्रभू घरातली मुलगी वही घेऊन परळ-लालबागचे जिने चढत होती. वडील मनमोहनराव म्हणत, कुठेतरी दगडफेकीत सापडशील. ती सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, असं पुढे तिच्या कितीदा तरी मनात आलं.

शाळेने सतरा जणांची यादी दिली, त्यांतले चौदा सापडले. शाळेत कुणी सुतारकाम शिकलेलं, कुणी शिवण. घरी आल्यावर सगळं बंद. बावीस वर्षांच्या बाप्याला आई घास भरवायची. एका मुलीला पाहुणे आले की शेजारच्या खोलीत कोंडायचे. नलू आईला प्रश्न विचारी, उत्तर लिही, निघे. ज्याच्याबद्दल विचारायचं तो समोरच बसलेला असे. त्याच्याकडे वळावं असं तिला सुचत नसे, आणि प्रश्नावलीतही तशी जागा नव्हती.

तेरा घरं अशी झाल्यावर ती लोअर परळच्या एका चाळीत गंगुबाईच्या दारात उभी राहिली. आनंदा कुठाय विचारलं, तर गंगुबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, कामाक गेलो. नलूने पुन्हा विचारलं. कामाकच गेला होता. गिरणीत, साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे.

आनंदा वीस वर्षांचा. चौथ्या वर्षी ताप आला आणि कान गेले. बाप दगडू साच्यावर कापड विणायचा, तो वारला. तिथला जॉबर, म्हणजे मुकादम, तात्या त्यांच्याच गावचा, कणकवलीकडचा. त्याने पोराला बदलीत लावलं: रोज फाटकावर जायचं, कुणाचा खाडा झाला तर त्याच्या जागी उभं राहायचं. तपासणीला डॉक्टरने छाती पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. कानांचं कुणी विचारलं नाही. नाव पुकारलं की मागे उभा असलेला तात्या पाठीत बोट खुपसायचा, आणि आनंदा पुढे व्हायचा.

आणि आत काय? शेकडो साचे एकदम खडखडत असतात, कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून वाचतात, हातांनी बोलतात. नव्या माणसाला ते शिकायला वर्ष जातं. आनंदा शिकूनच आला होता. सभा कुठल्या मैदानात, कितीला, ही बातमी खात्याच्या या टोकाकडून त्या टोकाला त्याच्या हातांवरून जायची. हे सांगायला तात्या मुद्दाम खोलीवर आला आणि हसत म्हणाला, “त्या खात्यात शाणो तोच एकटो. बाकीचे आमी सगळे भैरे.”

“माझो आनंदा मानसात इलो गो बाय,” गंगुबाई म्हणाली.

नलू तरंगत घरी गेली. पंधरा दिवस बसून तिने प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण लिहिलं. नियमाप्रमाणे नाव गाळलं, नुसतं ‘आ’ लिहिलं. पण गिरणी कुठली, खातं कुठलं, पाळी कुठली, पाठीत बोट कोण खुपसतं, ते सगळं नीट लिहिलं. अभ्यास म्हणजे काटेकोर हवा ना! त्या गिरणीत, त्या पाळीला, ऐकू न येणारे बदली कामगार किती असणार? लहान मुलानेही मोजलं असतं. नलूने मोजलं नाही. ती भोळी होती म्हणून नव्हे. बोट खुपसण्याचा तो तपशील वाचून परीक्षक खूश होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तो सोडवत नव्हता.

परीक्षक खूश झालेच, आणि तिचे मार्गदर्शक सरही. प्रबंधाच्या वाचनाला सरांनी चार गिरण्यांचे अधिकारी बोलावले. म्हणाले, ही मंडळी अशा आणखी मुलांना घेतील. त्या गिरणीचे लेबर ऑफिसर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या.

पहिला वर्ग मिळाल्यावर नलू पेढे घेऊन गंगुबाईकडे गेली. भर दुपारी आनंदा घरात. भिंतीला टेकून बसलेला, दाढी वाढलेली. गंगुबाईने सांगितलं, पुन्हा तपासणीला बोलावलं आणि बदलीचं कार्ड काढून घेतलं. तात्यालाही पंधरा दिवस घरी बसवलं. कुणीतरी चुगली केली. तू शिकलेली आहेस, एक अर्ज लिहून दे.

पेढ्यांचा पुडा पिशवीतच ठेवून नलूने अर्ज लिहिला. स्वतः नेऊनही दिला. लेबर ऑफिसर उठून उभे राहिले, चहा मागवला. म्हणाले, बाई, तुमचे आभारच मानायला हवेत, उद्या साच्यात हात गेला असता तर जबाबदार कोण? तिने सांगायचा प्रयत्न केला की तिथे सगळेच बहिरे असतात, हेच तर मी लिहिलंय. ते म्हणाले, हो हो, तो भाग फार सुंदर आहे.

तशीच ती चाळीत परत आली. गंगुबाई स्टोव्हला पिन करत होती. नलू तिच्याजवळ उकिडवी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “चुगली मी केली, गंगुबाई. माझ्या प्रबंधात सगळं छापलंय.” आनंदा खिडकीशी होता. आवाज कशासाठी खाली घेतला, देव जाणे. तिचं तोंड तर त्याच्याकडेच होतं.

तो उठला. दोघींच्या मध्ये येऊन बसला आणि घशातून काहीतरी म्हणाला. नलूला कळलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं.

गंगुबाईने पिन खाली ठेवली. “तो इचारता, माझा काम बरा असा, ता लिवलंस काय?”

“लिहिलंय,” नलू म्हणाली. पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून. “इतरांपेक्षा चांगलं, असं लिहिलंय.”

त्याने तिचे ओठ वाचले. मान हलवली. मग आणखी एक प्रश्न, तोही गंगुबाईनेच सांगितला.

“मगे काढल्यानी कित्याक?”

गंगुबाईने शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिने स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला, आणि नलूला तो प्यावा लागला.

तिने खटपट केली, नाही असं नाही. वडिलांच्या ओळखीने गिरगावात एका बाइंडिंगखान्यात आनंदाला लावलं. कोपऱ्यात बसून खळ लावायची. तिथे सगळ्यांना ऐकू येत होतं. खाली मान घालून, पाठमोरे बसून माणसं एकमेकांशी बोलायची, हसायची, आणि आनंदाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. महिन्याभराने त्याने जाणं सोडलं. नलूने चौकशी केली नाही. तोवर तिला नोकरी लागली होती, प्रबंधाच्या जोरावर.

साठ साली महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी ती दादरला रोषणाई पाहायला गेली होती. रस्त्यापलीकडे गिरणीतल्या माणसांचा घोळका होता, त्यात तात्या, आणि आनंदा. घोळक्यात सगळे हातांनी बोलत होते, त्या गोंगाटात दुसरं चालणारही नव्हतं. आनंदाने तिला पाहिलं. चेहरा उजळला त्याचा. दोन्ही हात उंच करून तो तिला बोलावू लागला, ये, इकडे ये, आणि गर्दीतून वाट काढायला लागला.

हाक मारणं त्याला शक्य नव्हतं. नलूने मान फिरवली, दिसलंच नाही असं केलं, आणि पहिल्या गल्लीत शिरली.

घरी वडिलांनी विचारलं, एवढ्या लवकर कशी? ती म्हणाली, चपलेचा अंगठा तुटला. ते म्हणाले, दे इकडे, उद्या चांभाराकडे टाकतो. नलू चपला उचलून मोरीत गेली, दार लावून घेतलं, आणि दोन्ही हातांनी ओढून ओढून तिने अंगठा तोडला.