भागीरथाबाईची जीभ

सौंदडच्या भागीरथाबाईने उभ्या जन्मात दारूचा एक घोट गिळला नाही, तरी गावात लग्न निघाले की मोहाची बाटली आधी तिच्या ओट्यावर यायची. आणणारे बाप्ये चपला काढून खाली उभे राहायचे, देवळात आल्यासारखे. बाई थेंबभर दारू बशीत घेऊन काडी लावायची. निळी जोत उठली की बोटाचे टोक भिजवून जिभेला लावायची आणि अंगणात थुंकायची. काडीचा नुसता मान. खरे काम जिभेचे. नवसागर जास्त पडला, युरिया घातला, सगळे तिला कळे. मग "न्या" म्हणायची, नाहीतर "ओता". मधला शब्द तिच्यापाशी नव्हता.

हे काम तिने हौसेने घेतले नव्हते. तिचा नवरा यादोराव एका सोयऱ्याच्या लग्नात पिऊन आला आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगले अंगणभर पडले असताना म्हणाला, "काऊन वो, आज दिवस निंगालाच नाई का?" त्यानंतर अकरा वर्षे तो ओसरीत बसून हाताच्या अंदाजाने दोर वळत राहिला. ज्याने दारू विकली त्याने त्या दिवशी स्वतः घोटभरही घेतली नव्हती. भागीरथाबाईच्या डोक्यात तेवढीच गोष्ट खिळ्यासारखी बसली. तेव्हापासून ती दुधावर संशय घेई, हळदीवर घेई, डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा आधी चाटून पाही. सूनबाई म्हणायची, यमदूत आला तरी सासूबाई आधी त्याचा वास घेतील.

अशा घरातली नात समीक्षा नागपूरला फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि तिला नोकरी मिळाली ती बियरच्या कारखान्यात. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेला लागून नवाच निघाला होता. पोरीचा जीव त्या नोकरीवर जडला होता. सोमवारी रुजू व्हायचे होते आणि शनिवार उजाडला तरी घरचा होकार नव्हता. तिचा बाप चैतराम म्हणाला, "माय हो म्हनंल त जा. नाई म्हनंल त पुढच्या साली दुसरी पाहू."

"न पाहता मी कायले हो म्हनू?" भागीरथाबाई म्हणाली. "चाला, दाखवा."

सकाळच्या बसने तिघे गेले. कारखाना म्हणजे पत्र्याचे मोठे शेड, आत स्टीलच्या माणूसभर उंच टाक्या, फरशी अशी चकचकीत की बाईने पदर आवरून पाय टाकला. इतकी सफाई पाहून तिला बरे वाटायच्या ऐवजी वाईटच वाटले. एवढे पुसायचे काम कशाला पडते माणसाला?

मालक भुपेंद्र गोंदियाचा, बापाची राईस मिल. तो हात जोडून पुढे आला. "आओ दादी, आओ. ये देखो, आपली स्पेशल. लाल एल. एकदम कडक." त्याने नळ दाबला आणि काचेच्या गिलासात विटकरी लाल बियर भरून वर फेसाचा टोप आला.

"एल म्हंजे?"

"बियरचीच एक जात, आजी," समीक्षा म्हणाली.

"लाल कायनं झाली? पळसाची फुलं टाकली का रंगाची पुडी?"

"भाजलेल्या जवाचा रंग हाय तो."

बाईने तिथल्या खुर्चीवर बसून पर्समधून स्टीलची छोटी वाटी काढली, घरूनच आणलेली. चमचाभर बियर ओतली, काडी पेटवून तिला टेकवली. काडी चर्र करून विझली. दुसरी लावली. तीही विझली.

"पाणी हाय," ती चैतरामला म्हणाली. "कडक म्हनून पाणी विकून रायला हा मानूस."

भुपेंद्र खो खो हसला. "दादी, बियर जलती नहीं!"

समीक्षा हसली नाही. "आजी, मोहाले कसं, आधी भिजवून सडवा करतेत, मंग चुलीवर ठेवून वाफ धरतेत. हे चुलीवर चढतच नाई. आंबलं की गाळून थंड करतेत, झालं."

भागीरथाबाईचे डोळे बारीक झाले. "म्हंजे सडवाच! आमच्याकडं सडव्याले कोनी हात लावत नाई, न तुमी गिलासात टाकून लोकायले पाजता?"

चैतरामने तोंडावर गमछा धरला. हसत होता की लाजत होता, कळले नाही.

"आता तू पे," बाईने गिलास भुपेंद्रपुढे सरकवला. "माह्याआधी."

"मैं नहीं पीता, दादी. अ‍ॅसिडिटी है."

शेडमधली मोटार घरघरत होती, पण भागीरथाबाईला ऐकू येईना. तिने चैतरामकडे पाहिले. चैतरामने मान खाली घातली. बाप दोर वळताना त्यानेही पाहिला होता. समीक्षाचा चेहरा उतरला. तिला वाटले, संपले, आता आजी उठणार.

आजी उठली नाही. बोट बुडवून तिने जिभेला लावले. आधी कडू. मग पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या भातासारखे करपट. मग काहीतरी बुळबुळीत, जिभेच्या कडेला. हे बुळबुळीत या वस्तूचेच असते की कोणी घातलेले? तिला सांगता येईना. चाळीस वर्षे जीभ विचारल्याबरोबर बोलत आली, आज मुकी झाली. ती वाटीत थुंकली. आणि आपल्याला कळत नाही, असे चारचौघांत म्हणायची वेळ आली की काय, अशी भीती तिला पहिल्यांदाच वाटली.

तेवढ्यात समीक्षाने तोच गिलास घेतला. घोट घेतला नाही. बोट बुडवले, जिभेला लावले, डोळे मिटले आणि बाजूच्या बादलीत थुंकली. कोणी शिकवले नव्हते तिला. लहानपणी ओट्यावर बसून पाहिले होते, तेवढेच.

"सर, ह्या नळातली कोनाले देऊ नका," ती म्हणाली. "पाईप धुवायचा सोडा राहिला आत, त्यानंच बुळबुळीत लागते."

"अरे, थोडासा होगा. संध्याकाळी उद्घाटन आहे, पन्नास लोक येऊन रायले. किसको समझेगा?"

"मले समजलं ना."

"तू तो अभी जॉइन भी नहीं हुई!"

"म्हनूनच सांगून रायली. जॉइन झाल्यावर विचारनार नाई, सरळ ओतून देईन."

 नोकरी हातातून चालली हे समीक्षाला कळत होते, तरी गिलास तिने मालकाच्या हाती परत दिला नाही. भुपेंद्र तिच्याकडे पाहत राहिला, मग दाराशी लावलेल्या पताकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "निकाल दे. सब निकाल दे, माझी माय."

लाल पाणी फेसाळत मोरीत जाऊ लागले. समीक्षाने बाह्या वर केल्या आणि पाईप सोडायला लागली.

"मंग माय?" चैतरामने हळूच विचारले. "सोमवारी पाठवू का?"

"पाठव. बियर मले समजली नाई, पोरगी समजली."

भुपेंद्र खूश झाला. "मतलब पास ना, दादी? चला, गाडीने घरी सोडतो."

भागीरथाबाईने प्लास्टिकची खुर्ची ओढून मोरीजवळ मांडली आणि मांडीवर पर्स घेऊन बसली.

"पाईप धुऊन होऊ दे. मी पाहतो, मंग जातो."

"दादी, आता तरी भरोसा नाही का?"

"नाई," भागीरथाबाई म्हणाली. "चाय सांग. साखर येगळी आन म्हना."