पोस्टमनला ठेवायचं की काढायचं

गुरुवारी सकाळी मला घरात बसवत नाही. चहा होतो, अंघोळ होते, देवाला दिवा लावून होतो, आणि मग मी स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत येरझारा घालते. मुलगा वरच्या छोट्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसलेला असतो. तो वरून ओरडतो, "आई, पाय वाजतात तुझे. जरा बस की!" मी बसत नाही. त्या वेळी तिकडे मेलबर्नला संध्याकाळ झालेली असते आणि शनिवार-रविवारी कोण खेळणार त्याची टीम जाहीर होते. ती झाली की माझ्या मुलीचा फोन येतो.

ऑस्ट्रेलियातला फुटबॉल इथल्यासारखा नाही. मैदान लांबट गोल, चेंडू सोललेल्या नारळासारखा, आणि तो पायानेही मारतात, हातानेही. एकमेकांच्या अंगावर पडतात, खांद्यावर चढून चेंडू पकडतात. माझ्या मुलीच्या ऑफिसात त्याचा आणखी एक खेळ चालतो. प्रत्येकाने फोनवर आपली टीम बनवायची, खरे खेळाडू निवडून. त्यांनी मैदानावर चेंडू मारला, झेलला, कुणाला धरून पाडलं की त्याचे गुण आपल्याला. ज्याला कॅप्टन करू त्याचे दुप्पट. फँटसी म्हणतात त्याला. मी त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. पण मीच दर आठवड्याला त्या उंटावर बसते, तेव्हा बोलायला नको.

मुलगी सगळ्या क्लबांमधले खेळाडू घेऊ शकते, पण ती निम्म्याहून जास्त आपल्या लाडक्या क्लबातलेच घेते. ऑफिसातले हसतात तिला. मग त्या एका क्लबातल्या माणसांची झाडाझडती आम्ही दोघी करतो, ती तिकडून, मी इथे इंग्लंडात रीडिंगहून. त्यांची मॅच इथे भल्या पहाटे नाहीतर सकाळी लागते. मला तशीही लवकर जाग येते. मुलाने टॅबलेटवर लावून दिलं. आधी मुलगी बघतेय म्हणून बघायला लागले, मग खेळच बघायला लागले.

मी चौथी शिकलेली. नवरा जाईपर्यंत कराडला खानावळ चालवली, त्यानंतर मुलाने इथे आणलं. खानावळीत पोळ्या लाटायला बायका ठेवायच्या असल्या की मी पहिल्या दिवशी तिची पोळी बघायचे नाही. पोळ्या सगळ्याच बऱ्या लाटतात. कणीक संपल्यावर ती काय करते ते बघायचे. पोळपाट पुसते, का दाराशी जाऊन उभी राहते? खेळाडूही मी तसेच बघते. चेंडू जवळ नसताना माणूस काय करतो ते. दर वेळी जमतं असं नाही. एक बाई मी अशीच नीट पारखून ठेवली, आणि दिवाळीच्या तोंडावर ती तेलाचा डबा घेऊन पसार झाली.

त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आम्ही आमची ठेवली. सगळ्यात उंच, नुसता उडी मारून चेंडू थोपटणारा, तो बगळा. एकदा मिठी मारली की सोडत नाही तो घोरपड. दिवसभर बाजूला केस सावरत उभा राहतो आणि गोल मारायच्या वेळी बरोबर हजर होतो, तो जावई.

"अगं, माझ्या नवऱ्याला कळलं तर?" मुलगी हसून हसून बेजार झाली होती.

"कळू दे. ते निदान भांडी तरी घासतात."

आणि पोस्टमन. वयाने सगळ्यांत मोठा, डोक्यावर केस कमी, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत चेंडू पोचवणारा. मुलीचा जीव त्याच्यावर. मी यंदा पहिल्याच मॅचला सांगितलं, "हा उजवा पाय ओढतो. मांडी बांधलेली आहे बघ. काढ त्याला."

"आई, तो असाच धावतो. दहा वर्षं बघतेय मी."

"दहा वर्षं बघतेस म्हणूनच तुला दिसत नाही. संपला तो. आता कितीही पट्ट्या गुंडाळा."

"तू ना कसाई आहेस."

"आणि तू धर्मशाळा चालवतेस."

दर गुरुवारी हेच. ती त्याच्या बाजूने भांडायची, मी त्याला काढ म्हणायचे, आणि ती त्याला ठेवायची. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. दिवसभर हातांना काम सुचायचं.

गुढीपाडव्यापासून तिच्या फोनचा कॅमेरा बिघडला होता. नुसता आवाज. मी म्हटलं दुरुस्त कर, ती म्हणाली करते. मग एका गुरुवारी मी नेहमीसारखं म्हटलं, "पोस्टमनला काढ." आणि ती म्हणाली, "बरं, काढते."

"खरंच?"

"हो. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

माझी मुलगी मी सांगितलं म्हणून स्वेटर घालणारी नाही. लग्नात मी हिरवा शालू म्हटलं तर तिने मोरपंखी घेतला. त्या दिवशी मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. पुढच्या गुरुवारी तेच. घोरपड नको? नको. जावई हवा? हवा. मी म्हणेन ते सगळं बरोबर. दमलीस का विचारलं तर म्हणाली, काम आहे. घरातल्या घरात मी इतकी फिरले की सून म्हणाली, "आई, तुमच्या मोज्यांना भोकं पडली."

त्यानंतरच्या गुरुवारी मी ठरवून फोन घेतला. बगळ्याचा गुडघा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं, तो वर्षभर खेळणार नव्हता. हे मला मुलीनेच सांगितलेलं, हळहळत, जणू घरातलंच कुणी पडलं. मी म्हटलं, "या वेळी बगळ्याला कॅप्टन कर."

"चालेल," ती म्हणाली. "बगळ्याला करते."

"नक्की?"

"हो गं. करते."

मी फोन ठेवला. चपला घातल्या आणि बाहेर गेले. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. कचऱ्याची गाडी अजून आली नव्हती तरी दारातलं बिन आत ओढून आणलं. मग वर गेले. मुलगा कॉम्प्युटरसमोर.

"आई, मी म्यूटवर आहे. पटकन बोल."

"हिला काय झालंय?"

"कुणाला?"

"तुला बहिणी किती आहेत?"

त्याने स्क्रीनकडे बघितलं. "बिझी आहे गं ती. इयर एंड आहे तिकडे."

"तिकडचं इयर एंड जूनमध्ये असतं. दर वर्षी रडगाणं ऐकते मी. आत्ता मे आहे."

"आई, मला बोलावतायत," असं म्हणून त्याने कानाला ते यंत्र लावलं. कुणीही बोलावत नव्हतं. लहानपणीही खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि आता तर वर केसही नाहीत झाकायला.

खाली सून डिशवॉशर रिकामा करत होती. ती हॉस्पिटलच्या औषधखात्यात आहे, गुरुवारी तिची सुट्टी.

"आई, बिन भरलेलंच आत आणलंत."

"ते राहू दे. मेलबर्नला काय झालंय?"

तिच्या हातात ताटल्या होत्या. त्या तिने पुन्हा डिशवॉशरमध्येच ठेवल्या, धुतलेल्या. "अहो आई, मला नका ना विचारू."

"म्हणजे झालंय."

"बरी आहेत त्या."

आमच्याकडे माणूस गेलं तरी "सिरियस आहे, निघून या" असंच कळवतात. माझा भाऊ गेला तेव्हा मला "जरा ताप आहे" सांगून गाडीत बसवलं होतं, आणि गावाच्या वेशीवर माणसं उभी दिसली तेव्हा मला कळलं. ज्या लोकांत गेलेल्याला सिरियस म्हणतात, त्या लोकांत बरी आहे म्हणजे काय समजायचं? मी खुर्चीत बसले, उठले, परत बसले.

"हे बघ," मी सुनेला म्हटलं, "तासाभरापूर्वी मी तिच्याशी बोललेय, म्हणजे जिवंत आहे. बाकीचं तू सांगतेस का मी तिलाच विचारू?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली आणि डोळे पुसत मागच्या दाराने बाहेर गेली.

मी फोन लावला. तिकडे झोपायची वेळ झाली असेल, तरी तिने लगेच उचलला.

"काय गं आई? परत?"

"बगळ्याचा गुडघा गेलाय."

"मग मला कशाला सांगितलंस, त्याला कॅप्टन कर म्हणून?"

"तू ऐकतेयस का बघायला."

"वहिनीनं सांगितलं का तुला?"

"तिनं काही सांगितलं नाही. तोंड पाडून बाहेर जाऊन उभी राहिलीय. तू सांग."

तिने सांगितलं. सांगताना आवाज अगदी सरळ होता, ऑफिसात हिशोब समजावून सांगावा तसा. छातीचा कॅन्सर. होळीच्या आधी कळलं. डावीकडचं काढलं. आता केमो चालू आहे, परवाच एक झाली. अजून आहेत. पुढचं काय ते डॉक्टर नंतर तपासून सांगतील.

"तुझ्या भावाला माहीत आहे."

"हो."

"तुझ्या पोरांनाही?"

"हो."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना. माझ्या बीपीची काळजी वाटली होय तुम्हाला?"

"बीपी दादा म्हणत होता. मला तुझी भीती वाटली."

"माझी?"

"तू पोस्टमनला दर आठवड्याला काय म्हणतेस? संपला. आता कितीही पट्ट्या गुंडाळा. आई, मी पट्ट्या बांधूनच ऐकत होते ते. आधी भांडले तुझ्याशी. मग भांडायचीही ताकद राहिली नाही, म्हणून हो म्हणत गेले."

मी उभी होते ती खिडकीशी गेले. बाहेर सून बागेतल्या खुर्चीवर बसली होती, पाठमोरी.

"तो फुटबॉलवाला आहे," मी म्हटलं. "तू माझी मुलगी आहेस."

"माहीत आहे गं. पण तू बघतेस कुणाकडेही, ती तशीच बघतेस. मला बघून तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू आलं."

यावर मला राग आला. पोस्टमनबद्दल मी खोटं बोलले नव्हते. तो पाय ओढत होता, आजही ओढतो. डोळ्यांना दिसतं ते तोंडाने बोलायचं नाही तर काय करायचं? आयुष्यभर मी तेच करत आले, आणि त्याच्यावरच हिची शाळा झाली, कॉलेज झालं. पण हे सगळं तिला त्या वेळी सांगून उपयोग नव्हता. आणि एक गोष्ट खरी होती की मी तिला बघितलंच नव्हतं.

"मी काय म्हणेन ते तुला ऐकू आलं," मी म्हटलं. "मी अजून बघितलंय कुठे? कॅमेरा बिघडलाय ना तुझा?"

"बिघडला नाहीये."

"तेच म्हणतेय. लाव."

"नको आई."

"लाव."

"लावते. पण तू एक शब्द बोलायचा नाहीस. कसं झालंय, किती झालंय, काही नाही."

"नाही बोलत."

स्क्रीन आधी काळी, मग छत, मग पंखा, मग ती. डोक्यावर एक केस नाही. भुवया पुसल्यासारख्या. तोंड सुजलेलं आणि मान मात्र बारीक, कॉलरबोनाखालून कसलीशी नळी आत गेलेली. कान बापाचे आहेत हे मला पन्नास वर्षांत दिसलं नव्हतं, ते दिसलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली कुठेतरी बघत होती, पहिल्या दिवशी कामाला आलेल्या बाया पोळपाटाकडे बघतात तशी.

तेवढ्यात मागून जावई आले, हातात दुधाचा पेला. मी पडद्यावर दिसल्याबरोबर ते जागच्या जागी थिजले. सासूला नमस्कार करावा, का बायकोचं डोकं झाकावं, त्यांना कळेना. पेला खाली ठेवून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्याच डोक्यावर घेतला. मुलगी त्यांच्याकडे वळून बघायला लागली आणि तिला हसू आलं. छाती दुखली असणार, कारण हसता हसता तिने हात छातीशी दाबून धरला.

"आई, आम्ही सांगणारच होतो तुम्हाला," जावई टॉवेलमधून म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं नाही म्हणून कबूल केलं होतं. माझ्या जिभेवर काय काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही. वरच्या खोलीतून मुलगा जिन्यापर्यंत आलेला मला ऐकू येत होता, पण तो खाली आला नाही.

जावई निघून गेल्यावर मुलीने उशीला टेकून डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बोल आता. दे निकाल. सांगून टाक एकदाचं."

"अजून बघून झालं नाही," मी म्हटलं. "डोळे उघड. आणि उद्याही कॅमेरा लाव."