काट्यांखालची जागा

गावाबाहेरची काटेरी जागा साफ करून मुलांना मैदान द्या, असं पत्रक मीच लिहिलं होतं. त्यामुळे छोटा लोडर आला तेव्हा मी सर्वांत पुढे होतो. चालकाने आधी कापायचं पातं लावून घाणेरीची काटेरी झुडपं भुईसपाट केली. मग पातं काढून पंजा जोडला आणि विखुरलेले दगड कडेला एका ढिगात रचले.

तेवढ्यात शेजारच्या सखूमावशी धावत आल्या. आमच्याकडे तान्हं बाळ गेलं तर त्याला पुरतात, वर काटे टाकतात, उशाशी दगड ठेवतात. त्यांची मुलगी इथेच पुरली होती, असं त्यांनी सांगितलं.

"मावशी, तुमचा दगड कुठला?" चालकाने इंजिन बंद करून विचारलं.

"जागेवर होता तवर ओळखत होते रे, बाबा. आता सगळे सारखेच की!"

त्यांनी एक दगड उचलला, पदराने पुसला, परत ठेवला. मग दुसरा.

मैदान मला आजही हवंच आहे. पण रास्त मागणीसुद्धा कुणाला न विचारता केलेली असू शकते, हे मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं. माझ्या पत्रकात या जागेला मी ओसाड म्हटलं होतं.

मावशींकडे जायला निघालो, आणि त्या मोकळ्या जमिनीवर पाऊल कुठे टाकावं तेच कळेना.