एल्स्पाच्या चर्चमधली पाच माणसं

एल्स्पा म्हणजे खणखणीत आवाजाची बाई. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या त्या अकरा घरांच्या गावात पाद्री यायचे सहा रविवारांतून एकदा. मधले पाच रविवार गावातल्याच कुणीतरी घंटा वाजवायची, गाणं धरायचं आणि प्रवचनांच्या जाडजूड जुन्या पुस्तकातून त्या रविवारचं प्रवचन वाचायचं, ही तिथली पूर्वापार रीत. एकतीस वर्षं ते काम एल्स्पानं केलं. पुस्तक एकच, त्यामुळे दरवर्षी फिरून तेच प्रवचन. तक्रार कुणाचीच नव्हती. तक्रार करायला माणसं तरी कुठं होती?

तिनं पुस्तक हाती घेतलं तेव्हा बाक भरलेले असत. मग तरुण मंडळी एकेक करून राजधानीला, तोर्शाव्नला गेली, म्हातारी दफनभूमीत गेली, आणि आता उरली एल्स्पा धरून पाच. हाइनी आणि त्याची बायको सान्ना, विधवा मालान, आणि मागच्या बाकावर मोर्तान. मोर्तान शेहेचाळीस वर्षांचा, जन्माचा तोतरा. लोक हसतात म्हणून गप्प राहिला, गप्प राहून दारूला लागला. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी नुसता ऊब घ्यायला म्हणून आत आला, आणि पुढच्या रविवारी न पिता आला. त्यानंतर एक रविवार चुकवला नाही पठ्ठ्यानं.

एल्स्पाचा धाकटा भाऊ हानुस तोर्शाव्नला चारशे माणसांचं चर्च चालवायचा. फोनवर त्याचं ठरलेलं असे, "ताई, या रविवारी किती? पाच? की कुत्रं धरून सहा?" ती हसण्यावारी न्यायची. पण फोन ठेवल्यावर ते तिला लागायचं, अगदी आत लागायचं. एकतीस वर्षांत आपण केलं काय? भरलेलं चर्च रिकामं केलं!

त्यात जून महिन्यात पत्र आलं. मुख्य पाद्री येत्या रविवारी स्वतः येऊन बघणार होते. माणसं फारच कमी असतील, तर मधले रविवार बंद आणि चर्चला कुलूप. एल्स्पानं मान खाली घालून हानुसला फोन लावला. "एक बस भरून माणसं आणशील? या एका रविवारपुरती?"

"बस भरलीच समज! चाळीस आणतो," हानुस खूश होऊन म्हणाला. "अखेर आलीस ना माझ्या दारी!"

शुक्रवारी मोर्तान चर्चच्या लाकडी भिंतींना डांबर लावत होता. एल्स्पानं त्याला कॉफी नेऊन दिली आणि बसचं सांगितलं. त्यानं ब्रश डब्यात ठेवला.

"मावशी, म-मग आम्ही कुठं ब-बसायचं?"

एवढंच बोलला बिचारा. एल्स्पाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक घरी गेली आणि फोन लावला. "हानुस, बस नको. देवाला मी उसनी माणसं दाखवायला निघाले होते रे. आहेत ती पाच दाखवीन."

"ताई, वेड लागलंय का? कुलूप लागेल!"

"लागू दे!" म्हणाली आणि फोन आपटला. मग मात्र स्वयंपाकघरात बसून रडली.

शनिवारी लोकर कातरायला मेंढरं डोंगरावरून खाली आणायची होती. अख्खं गाव पावसात डोंगरावर. कुणी सांगितलं होतं तिला एकाहत्तराव्या वर्षी त्या मेंढरांवर दिवसभर ओरडायला! रविवारी सकाळी तिनं तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा.

घंटा तिनं वाजवली. पहिल्या बाकावर मुख्य पाद्री, मांडीवर कागद. मागे चौघं. एल्स्पा पुस्तकापाशी उभी राहिली, ओठ हलले, आवाज नाही. मुख्य पाद्री उठायला लागले, "मी वाचू का, बाई?"

तोच मागचा बाक करकरला. मोर्तान चालत पुढे आला. चेहरा पांढराफटक. त्यानं पुस्तक घेतलं आणि वाचायला लागला. हरवलेल्या मेंढराचं प्रवचन होतं. शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याच्या मागे जातो.

"नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली म्हणे?" हाइनी पुटपुटला. दरवर्षी या ओळीला तो हेच पुटपुटायचा आणि सान्ना दरवर्षी त्याला कोपर मारायची. तिनं मारलं.

मोर्तान अडखळत, घाम पुसत पुढे सरकत होता. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. शेवटच्या वाक्याला मात्र गाडं रुतलं. "आणि जे ह-हरवलं होतं, ते स... स... स..." मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, शब्द काही सुटेना.

"सापडलं!" मालान म्हणाली. हाइनी आणि सान्नाही म्हणाले, "सापडलं!" एल्स्पाचा बसलेला घसासुद्धा घरघरला. पाठ होतं त्यांना! पुस्तकातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं. मोर्ताननं मोठा श्वास घेतला आणि छपरावर वाढवलेलं गवत हलेल अशा आवाजात एकदाही न अडखळता म्हणाला, "सापडलं!"

मुख्य पाद्री नाक शिंकरून म्हणाले, "माझ्याकडे सातशे माणसं येतात. रविवारी काय सांगितलं ते सोमवारी एकाला विचारा, आठवायचं नाही." त्यांनी मांडीवरच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "कुलूपबिलूप काही नाही. आणि बाईंचा घसा बसेल तेव्हा वाचायला माणूस आहेच तुमच्याकडे."

"आ-आहे," मोर्तान म्हणाला.

मग एल्स्पाकडे कॉफी झाली, वाळवलेलं मटण झालं, हाइनीनं मुख्य पाद्र्यांना नव्व्याण्णव मेंढरांवरून चांगलं धारेवर धरलं. तेवढ्यात फोन वाजला. हानुस होता, आवाज धास्तावलेला.

"ताई, किती आले होते गं?"

एल्स्पानं टेबलाभोवती नजर फिरवली. मोर्तान मालानला काहीतरी सांगत होता, अडखळत, पण थांबत नव्हता.

"सगळे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.