रहिमतपूरच्या पुढचं जुनं वळण

सुरुवातीलाच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत करमणूक म्हणून वाचत आलेय. चकवा काय, पांढऱ्या साडीतली बाई काय... त्या बाईला दुसऱ्या रंगाची साडी कधीच का मिळत नाही, असं मी एकदा इथेच कमेंटमध्ये विचारलं होतं आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्या, माझी तक्रार नाही.

मी सांगलीची. नोकरी एका पतसंस्थेत आणि वेड रस्त्यांचं. आमचा एक छोटा ऑनलाइन ग्रुप आहे. आपापल्या भागातल्या रस्त्यांची नोंद करायची – कुठला फाटा कुठल्या गावाला फुटतो, जुना रस्ता कुठून जायचा, रुंदीकरणात काय काय गेलं, सगळं फोटोसकट. लोक म्हणतात, कशाला उन्हातान्हात मरतेस, मॅपवर सगळं आहे की. नाहीये हो सगळं! पाडलेला पूल मॅपवर कुठे दिसतो? माझ्या वाट्याला आलेला रस्ता म्हणजे सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव आणि सांगली.

तसा तो आधी आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा रस्ता. आण्णांचा हळद-बेदाण्याचा व्यापार. स्वतःची मॅटॅडोर होती आणि माल घेऊन ते स्वतःच साताऱ्याला जायचे. सुट्टीत मी शेजारच्या सीटवर. प्रत्येक फाट्याला ते मला विचारायचे, "पद्मे, ह्यो कुठं जातोय सांग?" चुकलं की डोक्यात टपली. माझं वेड तिथलंच.

आता आण्णांचं सगळं पुसत चाललंय. दोन वर्षांपूर्वी आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. गेल्या पावसाळ्यापासून मी त्यांना ओळखू येत नाही. मला ते 'बाई' म्हणतात. "बाई, तुमी बसा की," "बाई, तुमाला उशीर हुईल," असं. आपल्या बापाने आपल्याला अदबीनं 'तुमी' म्हणणं काय असतं, ते ज्याचं त्याला कळतं. आईला मात्र ओळखतात, आणि आईच्या हातचंच खातात. परक्या बाईच्या, म्हणजे माझ्या हातचं खात नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आहे. आम्ही जैन, लहानपणापासून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाणारे. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. आण्णा सगळं विसरले पण हे नाही विसरले. सूर्य बुडाला की तोंड मिटतात, मग तुम्ही काहीही करा. त्यात त्यांना शुगर. आणि त्यांनी जेवल्याशिवाय आई जेवत नाही. म्हणजे बाहेर गेलं की उजेड असेतो घर गाठायचं, हा आमचा नियमच होऊन बसलाय.

त्या दिवशी कोरेगावला चुलत बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आईचे गुडघे धरलेले, ती आली नाही. मी म्हटलं, आण्णांना नेते, रस्ता बघून त्यांना काहीतरी आठवेल, आठवलं तर रेकॉर्ड करून ठेवीन. आईने निघताना दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. "तुझ्या हातचं खायचे नाहीत, पण असू दे," म्हणाली. वास्तुशांतीच्या पंगतीतही आण्णांनी घास उचलला नाही. सकाळी आईच्या हातचं खाल्लं होतं तेवढंच. आणि आठवायचं म्हणाल तर जाताना रस्ताभर त्यांनी खिडकीतून नुसतं पाहिलं. मी प्रत्येक फाट्यावर विचारत होते, "आण्णा, हा कुठं जातो?" शेवटी ते म्हणाले, "बाई, आमी ह्या भागातलं न्हवं."

मला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा ते विचारू नका.

येताना रहिमतपूर मागे टाकलं. ऊन उतरायला लागलं होतं, पण अंधाराच्या आत सांगली सहज गाठली असती. तिथून पुढे डाव्या हाताला रस्त्याचं एक जुनं वळण आहे. रुंदीकरणात रस्ता सरळ केला आणि ते वळण बाजूला पडलं. नेमकी जागा मी मुद्दाम सांगत नाही. जेमतेम अर्धा किलोमीटरचा तुकडा, दोन्ही तोंडं नव्या रस्त्यालाच मिळतात. नव्या रस्त्यावरची वडाची झाडं सगळी तोडली, इथली तेवढी शिल्लक. मला फोटो हवा होता. म्हटलं, या तोंडाने शिरायचं, त्या तोंडाने बाहेर. पाच मिनिटांचं काम!

मधोमध एका वडाखाली दगड होता. गुडघाभर उंच, वरून गोल... मैलाचा दगड असतो ना, अगदी तसा. पण त्याच्यावर शेंदराचं जाडजूड पुट चढलेलं. आमच्या भागात हे नेहमीचंच आहे. रस्त्याकडेचा मैलाचा दगड लोक पुजायला लागतात आणि पाच-दहा वर्षांत त्याचा देव होतो. पण माझ्यासारखीला तो देव नंतर, आधी मैलाचा दगड. त्याच्यावरचा आकडा मिळाला की जुना रस्ता इथून जात होता याचा पक्का पुरावा. मी गाडीच्या किल्लीने कडेचा शेंदूर खरवडायला लागले. थोडाच काढायचा होता, पण आतून सुटलेलं असावं. भाकरीचा पापुद्रा निघावा तशी त्याची खपली खाली आली, चार तुकडे होऊन.

खाली काहीच नव्हतं. ना आकडा, ना गावाचं नाव. कोरा, गुळगुळीत दगड. हात्तेच्या, म्हटलं, आणि गाडीत येऊन बसले.

पुढे एक मोरी लागली, मग दोन्हीकडे उभा ऊस, मग वळण... आणि समोर वड. वडाखाली तोच दगड, पायाशी शेंदराचे तुकडे.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा पुढे गेले. मोरी, ऊस, वळण, वड. गाडी वळवून आले त्या तोंडाने निघाले, तर तिकडूनही तेच. तुम्ही म्हणाल, घाबरलीस. नाही हो, आधी चिडले! रस्त्यांची माहिती लिहिणारी बाई अर्ध्या किलोमीटरमध्ये हरवते म्हणजे काय? ग्रुपवर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

भीती नंतर आली. मॅपवर माझा निळा ठिपका जागचा हलेना. फोनला रेंज नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उसाच्या पलीकडून नव्या रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न स्पष्ट ऐकू येत होते. एका एसटीच्या टपाची पट्टी उसाच्या तुऱ्यांवरून सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. एवढ्या जवळ! मी खाली उतरून "ओ दादा... ओ..." म्हणून ओरडले, हॉर्न दाबून धरला. उसातून चालत जावं म्हटलं, पण आण्णांना गाडीत एकटं सोडायचं कसं? ते उतरून भलतीकडे गेले तर? पुन्हा गाडी काढली. किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही. पेट्रोलचा काटा उतरत होता आणि माझा पाय क्लचवरून निघत नव्हता. डोक्यात एकच – सूर्य बुडेल, आण्णा खाणार नाहीत, शुगर उतरेल आणि मी इथे या उसात त्यांना घेऊन बसलेली असेन.

आणि तेव्हा लक्षात आलं की सूर्य हलतच नाहीये. वडाची सावली मघाशी दगडाच्या पायाशी होती, अजून तिथेच होती.

मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

"पद्मे, क्लच किती दाबतीस गं? जळंल की त्यो."

मी मान वर केली नाही. वाटलं, भास झाला. मग डोक्यात टपली बसली.

"तुला सांगतोय मी. पायाला काय इसावा हाय का न्हाई?"

आण्णा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे! दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांत जे नव्हतं ते सगळं जागच्या जागी होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून अशी रडले, अशी रडले की बस्स. ते पाठीवर थोपटत म्हणाले, "रडतीस कशापायी? लय भूक लागलीया मला. आईनं काय दिलंय का बघ."

मी डबा उघडला. माझ्या हातून घास घेतला त्यांनी. एक एक करत दोन्ही दशम्या खाल्ल्या आणि वर "चटणीत मीठ जास्त झालंय, तुजी आई म्हातारी झाली आता," म्हणून हसले. मग बोलतच सुटले. कुठल्या फाट्यावर मॅटॅडोर बंद पडली होती, कुठल्या वडाखाली मी उलटी केली होती, पूल नव्हता तेव्हा ओढ्यातून गाडी कशी काढायचे... फोनचं रेकॉर्डिंग सुरू करायचंही मला सुचलं नाही. मी नुसती ऐकत होते. बाहेर पडायचं आहे, हेच मी विसरले होते. खोटं कशाला बोलू, विसरायचंच होतं मला.

आण्णाच थांबले. काचेतून दगडाकडे बघत म्हणाले, "त्याला उघडा केलास व्हय?"

"आकडा बघायचा होता आण्णा."

"आगं खुळे, बस्तीत आपला क्षेत्रपाळ हाय, त्याचा शेंदूर खरवडशील का? त्यो तिथला राखणदार, ह्यो हितला. चल ऊठ, लाव परत."

चिकटवायला तेल नव्हतं. डिकीत इंजिन ऑइलचा डबा होता, तो दाखवला तर म्हणाले, "आन. तेलच हाय की त्ये." आम्ही दोघं मातीत बसलो. ते तुकड्याला ऑइल लावून द्यायचे, मी दगडावर दाबून बसवायची. तीन तुकडे बसले. चौथा माझ्या हातात होता आणि मला तो बसवायचा नव्हता. मी तो ओच्यात धरून बसून राहिले. त्यांना ते कळलं. माझे आण्णा ते, त्यांना कळणारच.

"पद्मे, घरी गेल्यावर मी तुला वळखीन न्हवं?"

"ओळखाल की," मी म्हटलं. "न ओळखायला काय झालं?"

त्यांनी ऑइलने माखलेला हात पुढे केला. मग म्हणाले, "आण तो हिकडं. तुजी आई माज्याबगार जेवत न्हाई. वाट बघत बसंल ती, उपाशी ऱ्हाईल."

"थोडा वेळ आण्णा... थोडाच वेळ बसू."

"आण बाळ."

मी दिला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला, बोटाला लागलेला शेंदूर माझ्या कपाळाला लावला. लहानपणी बस्तीतून निघताना लावायचे तसाच. आम्ही गाडीत बसलो. मोरी, ऊस, वळण... आणि एकदम समोर नवा रस्ता, ऊस भरलेला ट्रॅक्टर, धूळ, हॉर्न. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पार पुसेसावळी येईपर्यंत बघितलं नाही. तिथे तेच म्हणाले, "बाई, तुमी रडताय का? काय झालं तुमाला?"

सांगलीत शिरलो तेव्हा उजेड होता. मध्ये कुठे वेळ गेलाच नव्हता जणू. पेट्रोलचा काटा मात्र तळाला. आई दारातच बसून होती. तिने माझं कपाळ पुसलं, बोटाचा वास घेतला आणि "हा कसला गं घाण वास, इंजिनाचा?" म्हणाली. मग डबा उघडून बघितला आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या हातचं खाल्लं?" मी मान डोलावली. तिने आण्णांना ताट वाढलं आणि स्वतःचंही वाढून घेतलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटना कधीमधी काही क्षण लख्ख आठवतं. असेल. पण मग पेट्रोल? मग हाकेच्या अंतरावरून गेलेली आणि तरी गाठता न आलेली ती एसटी? ज्यांच्याकडे याचं उत्तर असेल त्यांनी कृपा करून मला 'मनाचे खेळ' म्हणू नये.

त्यानंतर मी आण्णांना घेऊन अनेकदा तिथे गेले. वळण आहे, वड आहे, दगडही आहे, त्याच्यावर आमचे चार काळपट तुकडे नीट बसलेत. एका तोंडाने शिरलं की दुसऱ्या तोंडाने मिनिटाभरात बाहेर. एकदा मी किल्ली दगडाला लावलीसुद्धा... लावली आणि पुन्हा खरवडला. लाज वाटते, पण लिहिते. काही झालं नाही. रस्त्याने आम्हाला सरळ बाहेर सोडलं. मग परत जाऊन, या वेळी खोबरेल नेऊन, तो नीट लावून आले. ग्रुपवरच्या नोंदीत बाकी सगळे फाटे आहेत, ते वळण मी घातलेलं नाही.

आण्णांना आता आईचंही नाव आठवत नाही. पण रहिमतपूर मागे पडून ते वळण डाव्या हाताला दिसलं की दर वेळी ते माझ्या पायाकडे बघतात आणि अदबीनं म्हणतात, "बाई, क्लच जरा कमी दाबा."

मी म्हणते, "हो आण्णा."